पाण्याची शुद्धी आणि पाण्याचा हक्क

महाडच्या चवदार तळ्याचा उल्लेख निघाला की २० मार्च १९२७ हा दिवस आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या दिवसाच्या मागे आणि पुढे जे घडले त्याचा पुरेसा विचार पुरोगामी चळवळीने केलेला नाही. मुंबई कायदे मंडळाने बोले ठराव १९२३ साली संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे हक्क कागदावर आलेला होता. तरी पुढची तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्या पाण्यात हात घालता आला नाही. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचे प्रतिनिधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तळ्यावर गेले ते नवा हक्क मागण्यासाठी नव्हे, तर मिळालेला हक्क बजावण्यासाठी. कागदावरचा ठराव आणि ओंजळीतले पाणी यांच्यामध्ये केवढे अंतर असते, हा महाडचा पहिला धडा होय.

दुसरा धडा त्यानंतरच्या घटनांत आहे. सत्याग्रहींवर हल्ला करून समाधान न झालेल्या सनातन्यांनी तळे बाटल्याचे जाहीर केले, १०८ घागरींचा विधी केला आणि शेण, गोमूत्र, दूध व दही पाण्यात मिसळून ते 'शुद्ध' करून घेतले. ह्या शुद्धीकडे एकदा निव्वळ रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाहावे. पाण्यात मिसळलेल्या सेंद्रिय पदार्थांचे विघटन करताना सूक्ष्मजीव पाण्यातील प्राणवायू वापरतात. किती प्राणवायू लागेल त्यावरून पाणी किती घाण आहे हे मोजतात. ह्या मापाला जैविक प्राणवायू मागणी म्हणतात. शहरी मैलापाण्याची ही मागणी दर लिटरला साधारणतः २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. दुधाची सुमारे १ लाख मिलिग्रॅम असते. शेणाची गोष्ट सांगावयास नको. माणसांनी ओंजळभर पाणी उचलले तेव्हा तळ्यातील घाणीत कणाचीही भर पडली नव्हती. शुद्धीच्या विधीने ती खरोखरच पडली. शुद्ध-अशुद्धतेचा निवाडा जेव्हा सत्ताधारी वर्ग करतो तेव्हा तो पाण्याची परीक्षा करीत नसतो, माणसांची प्रतवारी करीत असतो, हे त्या १०८ घागरींनी सिद्ध केले. पुढे दहा वर्षे खटला चालला. तळ्याच्या पाण्यापासून अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी असल्याचे सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला.

हे सर्व आज सांगण्याचे कारण त्याच तालुक्यातून वाहणारी सावित्री नदी हे आहे. महाबळेश्वरी उगम पावून, पोलादपूरची दरी ओलांडून ती महाडजवळ येते, काळ आणि गांधारी ह्या नद्यांचे पाणी घेते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिच्या खोऱ्यात, बिरवाडीच्या परिसरात, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली. तीत रसायने, औषधे, रंग व त्यांची मध्यवर्ती द्रव्ये तयार करणारे कारखाने आले. कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी सामुदायिक प्रक्रिया केंद्र आहे. प्रक्रिया झालेले पाणी नळावाटे खाडीकडे जाते. खाडीकाठच्या गावांची आणि मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांची पाण्याविषयीची तक्रारही जुनीच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी सिद्ध केली. त्यांपैकी ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातील होते, आणि महाडजवळच्या सावित्रीचा पट्टा त्यांत होता. आता ह्या पाण्याला कोणी जातीच्या नावाने अडवीत नाही. ते सर्वांना खुले आहे. मात्र ज्याला ते वापरावाचून गत्यंतर नाही, त्याच्याच वाट्याला ते बिघडलेल्या स्थितीत येते. ज्याच्याजवळ पैसा आहे तो बाटलीतले पाणी पितो आणि मासळी दुसऱ्या बंदराची खातो.

येथे विज्ञानाचा प्रश्न उपस्थित होतो. असे सांडपाणी शुद्ध करणे शक्य नाही काय? पुष्कळ अंशी शक्य आहे, आणि त्याचे एक साधन फार कुतूहलाचे आहे. सेंद्रिय घाण खाणारे जीवाणू आणि किण्वे निसर्गातच आहेत. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ साली मैलापाण्यात हवा खेळवून ह्या जंतूंचा गाळ वाढविण्याची पद्धत सिद्ध केली. आजही जगातील बहुतेक मोठी केंद्रे ह्याच तत्त्वावर चालतात. ह्या पद्धतीत जंतू पाण्यात मोकळे तरंगत असतात. घरगुती मैलापाण्याला ती उत्तम लागू पडते, कारण त्याचे स्वरूप रोज जवळजवळ सारखेच असते. रासायनिक कारखान्याचे पाणी मात्र तसे नसते. आज फिनॉल जास्त, उद्या आम्ल जास्त, परवा एखाद्या औषधाचे अवशेष. असा एकच विषारी लोंढा आला की तरंगणारे जंतू मरतात किंवा पाण्याबरोबर वाहून जातात, आणि ते पुन्हा वाढेपर्यंत केंद्र केवळ पाणी पुढे ढकलीत राहते.

यावर उपाय म्हणून जंतूंना मोकळे न सोडता एका ठिकाणी जखडून ठेवण्याची कल्पना आली. समुद्रशेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या द्रावणात जंतू मिसळून त्याचे थेंब कॅल्शियमच्या द्रावणात सोडले की साबुदाण्यासारखे मणी तयार होतात आणि जंतू त्यांत अडकून राहतात. पाणी मण्यातून झिरपते, घाण आत जाते, जंतू ती पचवितात, पण स्वतः वाहून जात नाहीत. मण्याच्या आत शिरताना विषाची तीव्रता कमी होत असल्याने आतील जंतू तगून राहतात. थोड्या जागेत जंतूंची दाट वस्ती करता येते आणि तोच मणी पुनःपुन्हा वापरता येतो. जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीत इचिरो चिबाता यांनी १९७३ साली अशा जखडलेल्या जीवाणूंकडून ॲस्पार्टिक आम्लाचे औद्योगिक उत्पादन सुरू केले. त्याच दशकात जर्मन संशोधकांनी जखडलेल्या किण्वांकडून फिनॉलचे विघटन करून दाखविले. मणी न करता खडी, विटांचे तुकडे, कोळसा किंवा प्लॅस्टिकच्या चकत्या यांच्या पृष्ठावर जंतूंना आपला थर धरू देणे ही त्याच तत्त्वाची साधी आणि अधिक जुनी पद्धत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत खडीच्या थरावरून मैलापाणी ठिबकविणारी केंद्रे ह्याच तत्त्वावर उभी होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नॉर्वेत प्लॅस्टिकच्या फिरत्या चकत्यांची पद्धत विकसित झाली. नेदरलँड्सच्या लेटिंगा यांनी १९७० च्या दशकात दाखविले की योग्य परिस्थिती दिली तर काही जंतू कोणत्याही आधाराशिवाय स्वतःच दाणे बनवून राहतात. ह्या पद्धतीचे एक केंद्र कानपूरच्या जाजमऊ येथे १९८९ साली उभे राहिले.

तेव्हा तंत्र नाही असे म्हणण्यास जागा उरत नाही. परंतु तंत्र आहे म्हणून प्रश्न सुटला असे समजणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल, आणि ती सुशिक्षितांकडून अधिक होते. जंतूंना मर्यादा आहेत. पारा, क्रोमियम, शिसे ह्या धातूंचे विघटन कोणताही जंतू करू शकत नाही. फार तर तो त्यांचे रूप बदलील. पाण्यात विरघळलेले क्षार जंतू खात नाहीत. रंगद्रव्यांपैकी ॲझो जातीच्या द्रव्यांचा रंग हवेविना वाढणारे जंतू काढून टाकतात, पण त्यातून ॲरोमॅटिक अमाइने तयार होतात आणि त्यांतली काही मूळ रंगाहून घातक असतात. पाणी स्वच्छ दिसते आणि विष आत राहते. त्यापुढे हवेशीर टप्पा जोडला तरच ही अमाइने नष्ट होण्याची शक्यता असते. अल्जिनेटचे मणी फॉस्फेटयुक्त किंवा खारट पाण्यात सैल पडून विरघळतात. मण्याच्या गाभ्यापर्यंत प्राणवायू पोचत नाही. आणि प्रयोगशाळेत निवडून वाढविलेली जात खऱ्या सांडपाण्यातील हजारो रानटी जातींपुढे टिकेलच याची शाश्वती नसते. म्हणून कोणत्या कारखान्याच्या कोणत्या पाण्याला कोणती पद्धत लागू करावयाची हे त्या पाण्याची नीट परीक्षा केल्यावरच ठरते. सगळ्यांचे पाणी एका हौदात ओतून मग त्यावर औषध शोधणे म्हणजे दहा रोग्यांची नाडी एकदम पाहून एकच काढा देण्यासारखे आहे.

नाले आणि तळी शुद्ध करण्याच्या नावाखाली जंतूंच्या पुड्या विकण्याचा धंदाही याच गोंधळावर चालतो. वाहत्या नाल्यात मोकळे जंतू ओतले तर ते वाहून जाणार, हे वर सांगितलेल्या तत्त्वावरून कोणाच्याही लक्षात येईल. घाण वरून येत राहिली आणि खाली पुड्या ओतीत राहिलो, तर तो शास्त्राचा वेष घेतलेला घागरींचाच विधी होय. विधीत श्रम थोडे आणि समाधान पुष्कळ असते. खरी शुद्धी करावयाची तर जिथे घाण निर्माण होते तिथे जावे लागते.

आणि तिथे गेल्याबरोबर प्रश्न जीवशास्त्राचा न राहता अर्थशास्त्राचा होतो. घाण पाणी नदीत सोडणाऱ्या कारखान्याचा खर्च वाचतो. पण तो खर्च नाहीसा होत नाही. तो मासळी न मिळालेल्या कोळ्याच्या, विहीर बिघडलेल्या शेतकऱ्याच्या आणि त्वचारोगावर औषध घेणाऱ्या मजुराच्या खात्यावर पडतो. पिगू यांनी १९२० साली ह्या तफावतीची शास्त्रशुद्ध मांडणी केली. के. विल्यम कॅप यांनी १९५० साली पुढे जाऊन दाखविले की ही तफावत बाजाराचा अपवाद नसून खाजगी उत्पादनाचा नियमच आहे, कारण आपला खर्च दुसऱ्यावर ढकलण्यात ज्याला यश येते तोच स्पर्धेत टिकतो. महाडच्या वसाहतीत दहा उद्योजकांपैकी एकाने प्रामाणिकपणे पाणी शुद्ध केले आणि नवांनी केले नाही, तर त्या एकाचा माल महाग होतो. सद्‌गुणाला येथे दंड बसतो. म्हणून हा प्रश्न उद्योजकांच्या सद्बुद्धीवर सोडून चालत नाही. सर्वांवर सारखा नियम आणि सारखी तपासणी असेल तरच प्रामाणिक उद्योजकही तगतो. कडक अंमलबजावणीमुळे उद्योगांचे नुकसान होते असे म्हणणारे प्रत्यक्षात लबाड उद्योजकांचीच बाजू घेत असतात.

येथे सार्वजनिक पैशाचाही हिशोब मांडला पाहिजे. लहान कारखान्यांना स्वतंत्र प्रक्रिया परवडत नाही ह्या कारणास्तव १९९१ पासून केंद्र सरकारने सामुदायिक केंद्रांसाठी अनुदानाची योजना चालविली. २०१२ साली ती सुधारून भांडवली खर्चाचा निम्मा भाग केंद्राने, एक चतुर्थांश राज्याने आणि उरलेला एक चतुर्थांश उद्योजकांनी उचलावा असे ठरले. म्हणजे ज्याने घाण केली त्याने भरपाई द्यावी हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने वेल्लोरच्या खटल्यात १९९६ साली मान्य केले असताना, प्रत्यक्षात तीन चतुर्थांश भार जनतेने उचलावयाचा! लहान उद्योगाला साह्य करण्यास समाजवाद्यांचा विरोध असण्याचे कारण नाही. परंतु ज्या केंद्राच्या उभारणीत जनतेचा पैसा आहे, त्या केंद्राचे रोजचे आकडे, तेथे येणाऱ्या आणि तेथून जाणाऱ्या पाण्याचा तपशील जनतेच्या मालकीचा आहे. पैसा सार्वजनिक आणि माहिती खाजगी, ही भागीदारी मान्य करता येणार नाही.

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला पाठविली. घरटी एक चाकरमानी आणि मनीऑर्डरीवर चालणारे घर, हे ह्या प्रदेशाचे अर्थकारण होते. कारखाने आले तेव्हा गावातच रोजगार मिळाला. आता नदीच्या नावाने हाकाटी केली तर कारखाने गुजरातेत जातील आणि पोरे पुन्हा मुंबईची गाडी धरतील, असे कामगारच म्हणतात. त्यांना दोष देता येत नाही. परंतु हा पेच कोणी निर्माण केला? नदी की नोकरी असा प्रश्न मालकाला कधी विचारला जात नाही. तो नेहमी मजुरालाच विचारला जातो. वस्तुतः जो मालक सांडपाण्यावर खर्च करीत नाही तोच सुरक्षिततेवर करीत नाही आणि कायम कामगार ठेवण्याऐवजी कंत्राटी माणसे ठेवतो, कारण तिन्ही ठिकाणी बचतीचा मार्ग एकच असतो. शिवाय जंतू हे जिवंत साधन आहे. त्यांचे तपमान, आम्लता, प्राणवायू रात्रंदिवस सांभाळावा लागतो. तेथे शिकलेला, कायम नोकरीतला, निर्भयपणे दोष नोंदविणारा कामगार लागतो. रोजंदारीवर आज आलेला आणि उद्या काढून टाकला जाणारा माणूस ते काम करू शकत नाही. चांगली प्रक्रिया आणि चांगली नोकरी ह्या परस्परविरोधी गोष्टी नसून एकमेकींच्या अटी आहेत.

कायदा नाही अशीही सबब नाही. महाराष्ट्राने जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा १९६९ साली केला, केंद्राचा कायदा १९७४ साली आला. प्रत्येक कारखान्याला किती व कोणत्या गुणवत्तेचे पाणी सोडता येईल याच्या अटी संमतीपत्रात घालाव्या लागतात आणि अशा अटींची नोंदवही संबंधित नागरिकाला पाहण्यास खुली ठेवावी लागते. १९८८ च्या दुरुस्तीने साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य नागरिकालाही न्यायालयात फिर्याद करण्याचा अधिकार मिळाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली चालू प्रक्रिया केंद्राशिवाय कारखाना चालवू देऊ नये असा आदेश दिला. उलट २०२४ साली संसदेने जल कायद्यात दुरुस्ती करून अनेक अपराधांची कैद काढून टाकली आणि त्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला. हिमाचल प्रदेश, राजस्थान व केंद्रशासित प्रदेशांपासून तिची सुरुवात झाली. दंड हा मोठ्या कारखान्याच्या हिशोबात एक किरकोळ खर्च असतो. कैद हा खर्च नसतो. कायद्याची धार बोथट होत असताना त्याच्या अंमलासाठी लोकांचा दबाव अधिक लागणार, हे उघड आहे. १९२४ चा ठराव तीन वर्षे जसा दप्तरात पडून होता, तशाच ह्या तरतुदी दप्तरात पडून आहेत. त्या बजावण्यासाठी कोणीतरी पाण्यापर्यंत चालत जावे लागते.

म्हणून कार्यकर्त्यांनी केवळ निषेधाचे ठराव न करता काही निश्चित मागण्या हाती घ्याव्यात. पहिली, प्रत्येक रासायनिक कारखान्याने आपले तीव्र सांडपाणी वेगळे काढून त्यावर स्वतःच्या आवारातच पहिली प्रक्रिया करावी. धातू, क्षार व न पचणारी द्रव्ये तेथेच अडवावीत आणि जंतूंना पचेल एवढेच पाणी सामुदायिक केंद्राकडे पाठवावे. दुसरी, केंद्रातील जंतू विषारी लोंढ्यात टिकावेत म्हणून जखडलेल्या किंवा थर धरून वाढणाऱ्या जंतूंची पद्धत कोठे लागू पडते याचे प्रयोग सार्वजनिक संस्थांनी करावेत. महाडजवळ लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले तंत्रशास्त्र विद्यापीठ डॉ. आंबेडकरांच्याच नावाचे आहे; नागपूरला राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे. नारळाचा काथ्या, भाताच्या तुसाचा कोळसा, विटांचे तुकडे ह्या कोकणात सहज मिळणाऱ्या वस्तूंवर जंतूंना आधार देता येतो का, हा प्रश्न तेथील विद्यार्थ्यांच्या बुद्धीला आव्हान देणारा आहे. आणि अशा संशोधनाचे फळ खुले राहिले पाहिजे. आनंद चक्रवर्ती यांनी तेल पचविणारा जीवाणू तयार केला तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली सजीवावर एकाधिकार देता येतो असा निर्णय दिला. नदी सर्वांची आणि तिला शुद्ध करणारा जंतू एका कंपनीचा, अशी स्थिती येथे येऊ देता कामा नये.

तिसरी मागणी देखरेखीची. केंद्राच्या नियंत्रण समितीत खाडीकाठच्या ग्रामपंचायती, मच्छीमारांच्या सहकारी संस्था आणि कामगार संघटना यांचे प्रतिनिधी असावेत. पाण्याचे नमुने त्यांच्यासमक्ष घ्यावेत आणि आकडे दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावावेत. नमुना भरतीला घेतला की ओहोटीला, पावसात घेतला की उन्हाळ्यात, ह्यावर आकडा बदलतो. भरतीचे पाणी महाडकडे सरकणाऱ्या ह्या नदीत तर अधिकच. म्हणून वेळही लिहिली पाहिजे. चौथी, कामगार संघटनांनी आपल्या मागण्यांच्या सनदेत पगार व बोनस यांच्या जोडीला सांडपाण्याचे कलम घालावे, कारण कारखान्याच्या आत ज्या वाफा कामगाराच्या छातीत जातात त्याच बाहेर त्याच्या मुलांच्या पाण्यात उतरतात.

दरवर्षी २० मार्चला हजारो माणसे चवदार तळ्यावर येतात. त्यांच्या येण्यात श्रद्धा आहे, स्मृती आहे, आणि माणूस म्हणून उभे राहिल्याचा अभिमान आहे. चळवळीचे काम त्या स्मृतीला आजच्या प्रश्नाशी जोडण्याचे आहे. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा सारखा अधिकार आहे हे तत्त्व महाडने देशाला दिले. पण पाणीच पिण्याजोगे उरले नाही तर सारखा अधिकार म्हणजे विषाचा सारखा वाटा ठरेल, आणि तोही सारखा नसेल. संमतीपत्रातील अटींची नोंदवही कार्यकर्त्यांनी ह्याच महिन्यात पाहण्यास मागावी. खाडीकाठच्या प्रत्येक गावात ती वाचून दाखवावी. आणि जिथे अट मोडलेली आढळेल तिथे साठ दिवसांची नोटीस द्यावी. हे काम कंटाळवाणे आहे, त्यात घोषणा थोड्या आणि कागदपत्रे फार आहेत. पण चवदार तळ्याचा खटलाही दहा वर्षे कागदपत्रांवरच लढला गेला, आणि जिंकला गेला.